या हिवाळ्यात घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर काय केलंत? (हाताला काम असलेली सुट्टी)

रानजाई | सोमवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. खूप दिवसांनी धागा काढतेय. गेल्या रविवारी आम्ही घरचे सहा जण भिगवणला पक्षी बघून आलो आणि तेव्हापासून एक गोष्ट मनातून जात नाहीये.

आमच्याकडे गेली तीन-चार वर्षं सुट्टी म्हणजे हॉटेलात जेवण, नाहीतर मॉल. बाबा ७६ वर्षांचे आहेत, ऐकू कमी येतं. कानाचं मशीन आहे, पण हॉटेलात भांड्यांचा, गाण्यांचा, शेजारच्या टेबलावरचा आवाज सगळा एकदम कानात शिरतो. त्यातून आपल्याशी कोण काय बोलतंय ते त्यांना निवडता येत नाही. मग ते नुसती मान डोलावतात, आणि ताटावरून उठले की म्हणतात, "मी गाडीत बसतो." ते वाक्य ऐकलं की मला गलबलून यायचं.

भिगवणची कल्पना माझ्या लेकीची, ती सातवीत आहे. पुण्याहून पहाटे साडेचारला निघालो. सोलापूर रस्त्याने साधारण १०० किलोमीटर. उजाडताना कुंभारगावच्या काठावर होतो. हे सगळं उजनीचं मागचं पाणी. धरण १९८० साली पूर्ण झालं आणि भीमेचं पात्र इथे समुद्रासारखं पसरलं. कडेला उथळ चिखल आहे, त्यात किडे, शेवाळ, मासळी, म्हणून थंडीत लांबलांबचे पक्षी इथे उतरतात.

नावेत बसल्या बसल्या वाऱ्याने बाबांच्या मशीनमध्ये घूं घूं सुरू झालं. त्यांनी ते काढून खिशात ठेवलं. मला वाटलं, संपलं, आता हे गप्प बसणार. पण थोडं आत गेल्यावर नावाड्याने इंजिन बंद केलं, बांबू हातात घेतला आणि बोट ओठांवर ठेवलं. आता सगळेच गप्प! त्या नावेत कोणाला कमी ऐकू येतं याने काही फरकच पडत नव्हता. आणि बाबांची नजर अजून तीक्ष्ण आहे. दुर्बीण लावायच्या आधी ते बोट दाखवायचे आणि आम्ही नंतर शोधत बसायचो. लाल काडीसारख्या पायांचे शेकाट्या, चित्रबलाक, चोचीने पाणी विंचरत जाणारी थापट्या बदकं. नदी सुरय तर अगदी डोक्यावरून गेला.

रोहित (फ्लेमिंगो) थोडेच होते. पावसाळा चांगला झाला की पाणी भरलेलं राहतं, उथळ जागा उशिरा उघड्या पडतात, मग तेही उशिरा येतात. लेकीने मोजले ३८. बाबांनी बोटांनी खूण केली, ४१. पुन्हा मोजले. तीन पिल्लं राखाडी रंगाची होती, ती तिने बगळे समजून सोडून दिली होती. रोहित जन्मतः गुलाबी नसतो, तो रंग खाण्यातून हळूहळू चढतो, हे तिला त्या दिवशी कळलं. वहीत तिने ३८ खोडून ४१ लिहिलं आणि पुढे कंसात "आबा".

आणि एक गोष्ट. बाबा पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. उजनीचे नकाशे त्यांनी टेबलावर पाहिले होते, पाणी असं कधी पाहिलं नव्हतं. परतताना त्यांनी डाव्या तळहातावर उजव्या बोटाने नदीचं जुनं वळण काढून नावाड्याला दाखवलं. तो बघत राहिला. मग त्याने बांबू उचलून पाण्यातली एक जागा दाखवली, आणि नंतर स्वतःच्या छातीवर हात ठेवला. त्याच्या आजोबांचं शेत तिथे खाली होतं. दोघंही काही बोलले नाहीत. बाबांनी खिशातून मशीन काढून कानात घातलं आणि म्हणाले, "सांगा." काठावर उतरल्यावर अर्धा तास ते दोघं बोलत बसले. नंतर त्याच्याच घरी आम्ही चिलापीचं कालवण आणि भाकरी जेवलो.

येताना गाडीत बाबा मागे बसून नातीला वहीत पक्ष्यांची चोच काढायला शिकवत होते.

आता मला एवढंच विचारायचंय: अलीकडे तुम्ही घरच्यांबरोबर किंवा मित्रांबरोबर असं काय केलंत, ज्यात लहान-मोठ्या प्रत्येकाच्या हाताला किंवा डोळ्याला काम होतं? नुसत्या ठिकाणांची नावं नकोत, काय केलंत ते सविस्तर सांगा.

————

तापीकाठ | सोमवार, रात्री ११.१५

रानजाई, नावाड्याच्या प्रसंगाला थांबलो, मग पुढे वाचलं. बाबांना नमस्कार सांगा.

आमच्याकडचं उत्तर एकच, भरीत पार्टी. जळगावकडे थंडी पडली की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या मळ्यात धूर दिसतो. यंदा चंपाषष्ठी झाल्यावर आम्ही शाळेचे जुने अकरा मित्र, सगळे बायकामुलांसकट, एकाच्या शेतात जमलो. चातुर्मासापासून ज्यांच्या घरी वांगं बंद असतं ते चंपाषष्ठीला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून सोडतात, म्हणून आमचा बेत त्यानंतरचाच.

कामाची वाटणी ठरलेली. पोरांनी बांधावरून वाळक्या तुराट्या आणि कपाशीच्या पळाट्या ओढून आणायच्या. वांगी गॅसवर भाजून ती चव येत नाही, काड्यांचाच जाळ हवा. जाळ भराभरा लागतो आणि भराभरा विझतो, त्यामुळे एक माणूस सारखा काड्या घालायला, एक वांगी फिरवायला. वांगी बामणोदची, हिरवट-पांढरी, हातभर, आत बी नावाला. जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालंय, पण आमच्या आज्या ते मानांकन बोटाने दाबूनच देतात. दाबलं की वांगं हलकं लागलं पाहिजे. जड लागलं की आत बी आहे समजायचं.

साल काढायचं काम बायका-पुरुष सगळ्यांचं, गोल बसून, बोटं भाजत. मग लाकडी बडगीत घालून मुसळाने ठेचायचं. हे काम यंदा आमच्या मित्राच्या आईने कोणाला दिलं नाही. वय ८१. तिचं म्हणणं, "तुम्ही कुटता, मी ठेचते." फरक आहे. कुटलं की लगदा होतो, ठेचलं की धागे राहतात. वरून हिरवी मिरची-लसणाचा ठेचा, तेलात परतलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात. सोबत कळण्याची पुरी. केळीच्या पानावर जेवण आणि नंतर शेतातच तासभर झोप.

त्या दिवशी माझ्या मुलाने पहिल्यांदा तूर झाडावर पाहिली. तो दहावीत आहे. मला जरा वाईट वाटलं आणि बरंही वाटलं.

————

पाणथळ | मंगळवार, सकाळी ७.०५

रानजाई, लेख सुंदर. पण एका गोष्टीवर स्पष्ट बोलतो, कारण हा धागा वाचून बरेच जण भिगवणला जातील.

मी बारा-तेरा वर्षं तिथे जातोय. रोहित उडताना पंखांचा लाल-काळा रंग दिसतो, आणि तो फोटो मिळावा म्हणून काही जण नावाड्याला थव्यात नाव घालायला सांगतात. मागच्या वर्षी मी बसलो होतो त्या नावेत हेच झालं. पुढच्या दोघांनी जास्त पैसे देऊ केले आणि नाव सरळ थव्यावर गेली. सगळा थवा उठला. अर्धा तास ते परत टेकले नाहीत. हा पक्षी डोकं उलटं करून, चोचीतून पाणी गाळून खातो, एकेका घासाला मेहनत आहे. आपण त्याला उठवतो तेव्हा त्याचं जेवणही जातं आणि ताकदही. थंडीत इथे येणारा पट्टकादंब हिमालय ओलांडून येतो. एवढ्या प्रवासानंतर त्याला आपल्या फोटोसाठी पळवायचं का?

नावेत बसायच्या आधीच सांगा, "पक्षी उडवायचे नाहीत, लांबूनच दाखवा." आणि तसं पाळणाऱ्याला दोन पैसे जास्त द्या.

————

रानजाई | मंगळवार, सकाळी ८.२०

पाणथळ, बरं झालं लिहिलंत. आमच्या नावेतही माझा भाऊ म्हणाला होता, "जरा जवळ घ्या ना." नावाड्याने मान हलवली आणि म्हणाला, "ते पाव्हणे आहेत आमचे. जेवत्या पाव्हण्याला उठवत नाहीत." भाऊ लगेच गप्प झाला. हे मूळ लेखात लिहायचं राहून गेलं.

————

घाटवाट | मंगळवार, सकाळी ९.४५

वरची दोन वाक्यं मी लिहून ठेवतेय.

आमचा अनुभव लोहगडचा. घरात तीन पिढ्या, सासूबाईंचे गुडघे दुखतात, धाकटा सहा वर्षांचा, त्यामुळे राजगड-हरिश्चंद्रगडाचा विचारच नव्हता. लोहगडवाडीतून पायऱ्या आहेत, चढ सोपा. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशात गेले, त्यात हा आहे. पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे पाय ठेवायला जागा नसते, पण जानेवारीतल्या बुधवारी सकाळी आम्ही आणि दोन माकडं, एवढेच होतो.

पुण्याहून लोकलने मळवलीला उतरलो. आधी भाजे लेणी. इथे मुलांना नुसतं "बघा" म्हटलं तर ती पाच मिनिटांत कंटाळतात, म्हणून त्यांना शोधायला दिलं: तबल्यासारखं वाद्य वाजवणारी बाई कुठे कोरलीये ते सांगा. लेणी दोन हजार वर्षांहून जुनी. पोरं खांबाखांबांतून धावली, आणि सापडल्यावर थोरलीने तिच्यासमोर बसून हवेत तोच ठेका धरला. ती तबला शिकते, तिसरं वर्ष. सासूबाई पायथ्याशी थांबणार होत्या, पण हा गलका ऐकून पायरी-पायरी वर आल्या आणि दहा मिनिटं त्या शिल्पासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या माहेरी त्यांना पेटी शिकायची होती आणि शिकू दिलं नाही, हे लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मला माहीत नव्हतं. तिथे कळलं.

मग त्यांना रिक्षाने लोहगडवाडीत आणलं. तिथल्या एका घरी पिठलं-भाकरी सांगितली होती, त्या घरातल्या आजींशी गप्पा मारत बसल्या. आम्ही वर गेलो. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा, चारही दरवाजे वळणावळणाने आहेत. मुलांना सांगितलं, तुम्ही शत्रू आहात, कुठल्या वळणावर तुम्हाला वरून दगड बसेल ते दाखवा. चारही ठिकाणी त्यांनी बरोबर जागा दाखवल्या. वास्तुरचना समजवायला याहून चांगलं पुस्तक नाही. विंचूकाट्याच्या, म्हणजे गडाच्या लांब सोंडेच्या, टोकापर्यंत गेलो, वारा फार होता, धाकट्याला कडेवर घेऊन परत.

आता घरी पेटीच्या शिकवणीची चौकशी चालू आहे. सासूबाईंसाठी.

————

देवगडकर_बाय | मंगळवार, दुपारी २.३०

आमच्याकडे खाडी आहे, तीच आमची सहल. मुंबईहून भावाची आणि चुलत बहिणीची मुलं आली की पहिला प्रश्न, "आत्या, सुकती कधी?"

आमच्या आजीने शिकवलेला हिशोब सगळ्यांना सांगते, किनाऱ्यावर जाणाऱ्याला उपयोगी आहे. तिथीची पाऊणपट करायची. आली ती भरतीची वेळ. पंचमी असेल तर पाच पाऊणे पावणेचार. अष्टमीला सहा. भरतीनंतर साधारण सहा तासांनी सुकती. आम्ही गेलो त्या दिवशी द्वितीया होती, म्हणजे दीडच्या सुमाराला भरती, मग सकाळी साडेसातच्या आसपास पाणी सगळ्यात खाली. थोडं पुढेमागे होतं, पण ढोबळ वेळ बरोबर येते. मुलांनी मोबाइलवर पाहिलं, वीस मिनिटांचा फरक. सगळी एकदम आजीच्या फोटोकडे बघायला लागली.

अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जितकं वर चढतं तितकंच खाली जातं. तिसऱ्या (खायचे शिंपले) काढायच्या तर तेच दिवस. सप्तमी-अष्टमीला भांग असतो, पाणी फार उतरत नाही.

गुडघाभर पाण्यात उभं राहायचं आणि पायाच्या बोटांनी वाळू चाचपायची. कडक, गोल लागलं की वाकून उचलायचं. हे काम लहान मुलांना फार जमतं, त्यांचे पाय मऊ असतात. दीड तासात आम्ही टोपलीभर काढल्या. बारक्या परत वाळूत टाकायच्या, हा आमच्याकडचा नियम आहे आणि मुलांनी तो माझ्यापेक्षा कडक पाळला. घरी आणून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवल्या, म्हणजे त्या आतली वाळू सोडतात. सकाळी विळीवर एकेक उघडून एकशिपी केली. एक शिंपला टाकायचा, मांस लागलेला दुसरा ठेवायचा, ओलं खोबरं आणि वाटण घालून परतायचं. शिंपल्यानेच वरपून खायचं.

वहिनी लग्नानंतर नऊ वर्षांत पहिल्यांदा पाण्यात उतरली. आधी म्हणाली, चिखल नको. नंतर तिला हाक मारून मारून बाहेर काढावं लागलं.

————

मेंढीकोट_डब्लिन | मंगळवार, सायंकाळी ६.५०

तुमची खाडी आणि तुमचे मळे वाचून डोळे भरले. इथे आयर्लंडमध्ये डिसेंबर-जानेवारीत साडेचारला अंधार पडतो आणि पाऊस थांबत नाही. बाहेर जायचा प्रश्नच नाही. त्यामुळे आमची सुट्टी म्हणजे शुक्रवारची पत्त्यांची रात्र. चार मराठी घरं, एकेका शुक्रवारी एकेकाकडे. फोन दारातल्या टोपलीत.

मुलांना आधी बदाम सात शिकवलं, मग झब्बू, आणि या हिवाळ्यात मेंढीकोट. दोन-दोनच्या जोड्या, समोरासमोर बसायचं, प्रत्येकी १३ पानं. दहिल्या म्हणजे मेंढ्या. तीन मेंढ्या आल्या की डाव आपला, दोन-दोन झाल्या तर ज्याचे हात जास्त त्याचा, चारही आल्या की कोट! जोडी मुद्दाम घर मोडून लावतो: एका घरातलं मूल आणि दुसऱ्या घरातला मोठा माणूस. माझा जोडीदार मित्राचा नऊ वर्षांचा मुलगा. त्याने एकदा बदामाची दहिली हातात दाबून ठेवली, कारण त्याच्या लक्षात होतं की बदाम एक्का माझ्याकडेच असणार. मी एक्का टाकला, त्याने शांतपणे वर दहिली ठेवली. त्या क्षणी त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते शब्दांत सांगता येत नाही. मुलं मराठीत बोलत नाहीत ही आमची सगळ्यांची तक्रार असते. पण "हुकूम", "उतारी", "कापला", "कोट" हे शब्द ती आता झोपेत बोलतात.

एक विचारायचं आहे: तुमच्याकडे हुकूम कसा करतात? आमच्यात यावरून दोन गट आहेत.

————

तापीकाठ | मंगळवार, सायंकाळी ७.३०

आमच्याकडे बंद हुकूम. एकाने पान पालथं ठेवायचं, आणि कोणाला रंग पाळता आला नाही की त्याने उघडायला सांगायचं.

————

देवगडकर_बाय | मंगळवार, सायंकाळी ७.४२

आमच्याकडे कट हुकूम. रंग नसला की जे पान टाकशील तोच हुकूम. लहान मुलं असतील तर हाच सोपा.

————

मळ्यातली | मंगळवार, रात्री ९.००

लहानांना कट, मोठ्यांना बंद. आमच्या वाड्यात असंच होतं.

मी सोलापूर जिल्ह्यातली. हुरड्याबद्दल अजून कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात लिहिते. विकतचा हुरडा आणि ताटभर पदार्थ असं सगळीकडे झालंय, ते असू दे, त्यातून शेतकऱ्याच्या घरी पैसा जातो. पण शक्य असेल तर एकदा ओळखीच्या शेतात, आगटीशी बसून खा. जमिनीत खड्डा, त्यात गोवऱ्यांचा विस्तव, कणसं निखाऱ्यात खुपसायची. दाणा दुधाळ असून चालत नाही, घट्ट होऊनही चालत नाही, मधले आठ-दहा दिवसच हुरड्याचे. कणीस भाजलं की गरम असतानाच तळहातांत चोळायचं आणि फुंकर मारून कोंडा उडवायचा. आमचे आप्पा चोळतात आणि नातवंडं ओळीने ओंजळ पुढे करून बसतात. गूळभेंडी ज्वारीचा हुरडा असला तर सोबत काही लागत नाही, नाहीतर शेंगदाण्याची चटणी आणि दही. चोळणाऱ्याला शेवटपर्यंत खायला मिळत नाही. यंदा धाकट्या नातीने आप्पांच्या तोंडात पहिला घास घातला.

————

शांतारस्ता | बुधवार, पहाटे ५.१०

सगळ्यांचं वाचलं. सुंदर लिहिताय.

मी एक वेगळा प्रश्न विचारते. माझं वय ६८. यजमान जाऊन चार वर्षं झाली. मुलगा-सून सिंगापूरला, मुलगी बंगळूरला. मैत्रिणी होत्या, त्यातल्या दोघी मुलांकडे गेल्या, एक आजारी. तुम्ही म्हणता तसं हाताला काम आणि नजरेला खुराक मलाही हवाय, पण ज्याच्या घरात दुसरं ताटच लागत नाही त्याने काय करायचं? तक्रार म्हणून लिहीत नाहीये. पहाटे जाग आली, धागा वाचला, वाटलं विचारावं. पुण्यातच राहते, सहकारनगरला.

————

घाटवाट | बुधवार, सकाळी ७.३०

शांतारस्ता, नमस्कार. विचारलंत ते फार बरं केलंत. तळजाईची टेकडी तुमच्या घरापासून जवळ आहे. सकाळी साडेसहाला तिथे रोज फिरणारी माणसं भेटतात, त्यातले बरेच पक्षी बघतात. आधी एकट्याने जा, आठवड्याभरात चार चेहरे ओळखीचे होतील. आमच्या सासूबाईंची पेटीची शिकवणी ठरली तर त्यांनाही सोबत हवी आहे. मी व्यक्तिगत संदेश पाठवते.

————

पाणथळ | बुधवार, सकाळी ८.१५

तळजाई उत्तम. लिहायला एक वही ठेवा. तारीख, वेळ, काय दिसलं. पहिल्या महिन्यात साळुंकी, बुलबुल, कोतवाल एवढेच असतील, तरी लिहा. पुढच्या हिवाळ्यात तीच वही उघडून बसाल तेव्हा त्या नोंदींची किंमत कळेल. काही ओळखता आलं नाही तर इथे वर्णन टाका, मी सांगेन.

————

मेंढीकोट_डब्लिन | बुधवार, दुपारी १.२०

काकू, शुक्रवारी आम्ही खेळायला बसतो तेव्हा तुमच्याकडे रात्रीचे साडेअकरा असतात, त्यामुळे आमच्या पत्त्यांत बोलावता येत नाही. पण रविवारी इथल्या सकाळी, म्हणजे तुमच्याकडे दुपारी, मुलांना मराठी वाचून दाखवणारं कोणीतरी आम्ही शोधतोय. पाच मुलं आहेत. तुम्हाला आवडेल का? खरंच विचारतोय.

————

शांतारस्ता | बुधवार, दुपारी ४.००

मेंढीकोट, मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं. मला आवडेल. कुठल्या वयाची मुलं आहेत ते कळवा, म्हणजे गोष्टी काढून ठेवते.

घाटवाट, संदेश मिळाला. उत्तर पाठवलंय.

————

रानजाई | बुधवार, रात्री ९.३०

शांतारस्ता, तुमचा प्रतिसाद सकाळी ऑफिसला जाताना वाचला आणि दिवसभर सोबत राहिला. संध्याकाळी बाबांना वाचायला दिला. त्यांनी चष्मा पुसून दोनदा वाचला.

आम्ही फेब्रुवारीच्या तिसऱ्या रविवारी पुन्हा भिगवणला जातोय. तोपर्यंत पाणी थोडं उतरेल, रोहित वाढतील असं नावाड्याने फोनवर सांगितलं. परत येताना भादलवाडीच्या तळ्याकडे जाऊ, तिथे चित्रबलाकांची वीण असते. भाऊ यावेळी नाहीये, त्यामुळे गाडीत दोन जागा रिकाम्या आहेत. सहकारनगर आमच्या वाटेवरच आहे. तुम्ही याल का?

————

शांतारस्ता | बुधवार, रात्री १०.०५

येईन. पण माझ्याकडे दुर्बीण नाही. आणि नावेत चढायला मला कोणाचा तरी हात लागेल.

————

रानजाई | बुधवार, रात्री १०.१२

दुर्बीण बाबांची घ्या, ते तसेही आधी डोळ्यांनीच बघतात. हात द्यायला लेक आहे, ती म्हणतेय की यावेळी मोजायला तिसरं माणूस हवंच होतं. पहाटे साडेचारला तुमच्या दाराशी येतो. गरम कपडे, कानटोपी आणि पाण्याची बाटली घ्या. चहा आम्ही थर्मासमध्ये आणतो. साखर चालते ना?

————

शांतारस्ता | बुधवार, रात्री १०.१५

चालते. मी तिळाच्या वड्या आणते.